जुनी मोटार : आधी कागद, मग पत्रा

सुरतेतील मराठी कुटुंबांत पहिली मोटार पुष्कळदा शोरूममधून येत नाही. ती धुळे, नंदुरबार, जळगाव किंवा नाशिक येथील एखाद्या आप्ताच्या अंगणातून येते. मामांनी नवी गाडी घेतली की त्यांची सात-आठ वर्षे वापरलेली जुनी गाडी लिंबायत, उधना अथवा डिंडोली येथील भाच्याकडे येते. किंवा अडाजणच्या एखाद्या व्यापाऱ्याने बाजूस काढलेली मोटार दलालामार्फत आपल्या दाराशी उभी राहते. आखाजीला आणि लग्नसराईत सहा माणसांना घेऊन गावी जायचे म्हटले की गाडीचे व बसचे आरक्षण मिळता मिळत नाही. अशा वेळी स्वतःची मोटार असावी असे कोणाही संसारी माणसास वाटणे स्वाभाविक आहे, आणि नव्या मोटारीची किंमत पाहता वापरलेली मोटार घेणे हा शहाणपणाचाच मार्ग होय. त्या मार्गावर काटे कोठे आहेत, एवढेच या वेळच्या सदरात दाखवावे असे आम्ही योजिले आहे.

एक काळ असा होता की जुन्या मोटारीस नवीपेक्षा मान अधिक. अँबेसेडर आणि फियाट या दोन नावांत मोटारींचा बाजार जवळजवळ संपत असे. नवी गाडी नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, म्हणून हातात असलेल्या गाडीला चढा भाव येई. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि हे चित्र पालटू लागले. आज जुन्या मोटारींचा तुटवडा नाही, निवडीस भरपूर वाव आहे, आणि त्या दृष्टीने ग्राहक राजा झाला आहे. परंतु जुन्या फियाटचे दुखणे कोणताही जाणता मिस्त्री नुसत्या आवाजावरून ओळखी. आजच्या मोटारीचे दुखणे तारांच्या जुडग्यात आणि त्याहून अधिक कागदपत्रांत दडलेले असते. पत्र्यावरचा ओरखडा डोळ्यांना दिसतो, कागदातील दोष मात्र अपघात झाल्यावर न्यायालयात दिसतो. म्हणून आमचे सांगणे असे की, जुनी मोटार पाहताना आधी कागद पाहावा आणि मग पत्रा. आणि व्यवहार आप्तांमधला असेल तर कागद दुप्पट काळजीने पाहावा.

मोटारीचा सातबारा

आपल्यापैकी बहुतेकांचे मूळ शेतीत आहे. सख्ख्या भावाकडून दोन बिघे जमीन घ्यायची झाली तरी आपण सातबारा पाहतो, त्यावर बोजा आहे काय ते तपासतो आणि पैसे दिल्यावर फेरफार नोंदवून घेतल्याशिवाय स्वस्थ बसत नाही. त्यात भावावर अविश्वास दाखविल्यासारखे कोणास वाटत नाही. मोटारीच्या बाबतीत आर. सी. बुक हा सातबारा आहे, कर्ज देणाऱ्या बँकेचे त्यावरील नाव हा बोजा आहे, आणि परिवहन कार्यालयात नाव बदलून घेणे हा फेरफार आहे. असे असता चार-पाच लाखांच्या मोटारीच्या वेळी मात्र बोलणे होते ते असे :

“मामा, नाव बदलायचे कधी करायचे?”

“अरे बाळा, तू का परका आहेस? घेऊन जा गाडी. कागदांचे दिवाळीनंतर पाहू.”

मामांचा हेतू निर्मळ असतो आणि भाच्यालाही मामांचा मान राखायचा असतो. दिवाळी येते, जाते. गाडी सुरतेत धावत असते आणि परिवहन खात्याच्या दफ्तरी ती मामांचीच असते.

यात धोका कोणाला आहे? सर्वांत आधी मामांना. मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये ज्याच्या नावावर वाहनाची नोंदणी आहे तोच सामान्यतः त्या वाहनाचा मालक धरला जातो. या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी दिलेला निकाल प्रत्येक घरात माहीत असावा अशा योग्यतेचा आहे. नोंदणीकृत मालकाच्या म्हणण्याप्रमाणे त्याने आपली मोटार २००७ साली विकली होती. पुढे ती एकामागून एक अशा अनेकांच्या हाती गेली. नाव मात्र कोणीच बदलून घेतले नाही. २००९ च्या मे महिन्यात ती मागे घेतली जात असताना अपघात झाला, त्यात एकाचा मृत्यू झाला आणि एक स्त्री जखमी झाली. गाडीचा विमा नव्हता. भरपाई कोणी द्यायची, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या त्या निकालात न्यायालयाने जबाबदारी नोंदणीकृत मालकावर ठेवली. अपघातग्रस्ताने गाडी कोणी कोणास विकली याचा माग काढीत फिरावे अशी अपेक्षा कायदा करीत नाही, हे त्यामागील तत्त्व होय. दोन वर्षांपूर्वी विकलेल्या आणि डोळ्यांआड झालेल्या गाडीचा भार अशा रीतीने पहिल्या मालकाच्या शिरावर आला. तेव्हा “माणूस घरचा आहे” हे नाव न बदलण्याचे कारण नसून, उलट नाव तातडीने बदलण्याचे कारण आहे. ज्याच्यावर आपली माया आहे त्याला असल्या संकटात ठेवावे कशासाठी?

कायद्याने मुदती घालून दिल्या आहेत, त्या पाठ असाव्यात. विक्री त्याच राज्यातील असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत परिवहन कार्यालयास कळवायचे. परराज्यातील असेल तर ४५ दिवसांत ना हरकत प्रमाणपत्र वगैरे कागद पाठवायचे. आणि घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत आपल्या भागातील कार्यालयाकडे नोंदीसाठी अर्ज करायचा. यासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० हे दोन अर्ज लागतात. त्यांवर तारीख व घेणाऱ्याचे नाव न घालता कोऱ्या सह्या करून देण्याची एक वाईट चाल बाजारात रुळली आहे. दलाल म्हणतो, “साहेब, सही करून ठेवा, गिऱ्हाईक आले की नाव भरू.” कोऱ्या धनादेशावर आपण जशी सही करणार नाही, तशी या अर्जांवरही करू नये.

सीमा ओलांडून आलेली गाडी

नवापूरची सीमा आपल्या लोकांना सीमा वाटतच नाही. परंतु मोटारीला ती आहे. एमएच-१८ धुळ्याची, एमएच-१९ जळगावची, एमएच-३९ नंदुरबारची. यांपैकी कोणतीही गाडी सुरतेत कायमची राहणार असेल तर तिला जीजे क्रमांक घ्यावा लागतो. परराज्यातील वाहन १२ महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवल्यास नवा क्रमांक घेणे कायद्याने बंधनकारक आहे. पुष्कळ लोक या १२ महिन्यांचा अर्थ “वर्षभर काहीच करावयास नको” असा घेतात. तो बरोबर नाही. ती सवलत क्रमांकापुरती आहे; मालकी बदलली असेल तर नाव बदलण्याची मुदत वर सांगितल्याप्रमाणे निराळी चालते.

कामाचा क्रम असा ठेवावा. प्रथम गाडीवर बँकेचा बोजा आहे काय ते पाहावे. कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला घरात पडून आहे एवढ्याने भागत नाही. फॉर्म ३५ भरून आर. सी. वरील बँकेचे नाव काढून घ्यावे लागते. नंतर थकलेले दंड भरून टाकावेत. मग मूळ परिवहन कार्यालयातून फॉर्म २८ अन्वये ना हरकत प्रमाणपत्र घ्यावे. ते हाती आल्यावर येथील कार्यालयात नाव व क्रमांक यांसाठी अर्ज करावा आणि गुजरातचा एकरकमी मोटार-कर भरावा. तो आकारताना गाडीचे वय विचारात घेतले जाते. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेल्या काळापुरता परतावा मागता येतो. त्याला वेळ लागतो आणि कागदही पुरवावे लागतात. म्हणून तो परतावा विकणाऱ्याने घ्यायचा की घेणाऱ्याने, हे सौदा होतानाच लिहून ठेवावे. नात्यातील कित्येक कुरबुरी असल्याच किरकोळ रकमांतून सुरू होतात.

आता उलट दिशेचा एक मोह. महाराष्ट्रात खासगी मोटारीवरचा कर गुजरातपेक्षा जास्त आहे. त्यामुळे पुण्या-मुंबईचे एखादे आप्त सुचवितात की, “गाडी तुमच्या सुरतेच्या पत्त्यावर, तुमच्याच नावाने घेऊ, वापरू आम्ही.” यास नम्रपणे नकार द्यावा. गाडी जेथे राहणार तेथेच तिची नोंदणी व्हावी असा नियम आहे. शिवाय असे केल्यास वरील निकालातील पहिल्या मालकाच्या जागी आपण आपण होऊन जाऊन बसतो. पुण्याच्या रस्त्यावर रात्री अकरा वाजता कोण गाडी चालवीत आहे हे सुरतेत बसून आपणास कसे कळणार?

दिल्लीहून येणाऱ्या गाड्यांविषयीही दोन शब्द. २०१४-१५ पासून त्या परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्याने तेथील मोटारी स्वस्तात बाहेर पडू लागल्या. स्वस्ताई खरी असते. पण ना हरकत प्रमाणपत्र हाती नसेल तर ती गाडी कितीही चकचकीत असो, तिच्याकडे पाहूच नये. कोणत्याही खासगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते आणि त्यानंतर तपासणी होऊन ५-५ वर्षांनी नूतनीकरण होते, हेही हिशेबात धरावे. या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. चौदा वर्षांची गाडी स्वस्त मिळते, त्याचे एक कारण हे आहे.

वडिलांची गाडी

कुटुंबमासिकाच्या वाचकांना आणखी एक गोष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. गाडीचा मालक निवर्तला की घरातील मुलगा ती तशीच चालवीत राहतो. दुःखाच्या दिवसांत कोणास कागद सुचत नाहीत, हे समजण्यासारखे आहे. परंतु नियम असा की, गाडी ज्याच्या ताब्यात येते त्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयास मृत्यूची खबर द्यावी. तशी दिल्यास तीन महिने गाडी वापरता येते, आणि त्या तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून ती आपल्या नावावर करून घ्यावी लागते. विमा कंपनीसही कळवावे. इतर वारसांची संमती लागते. बहिणींच्या सह्या त्यांच्या सोयीने, मानाने मागून घ्याव्यात, “फक्त सही कर” असे म्हणून नव्हे. २०२१ पासून आर. सी. वर नामनिर्देशन करण्याची सोय झाली आहे. ज्येष्ठांनी ती आजच करून ठेवली तर मागच्यांचे हेलपाटे वाचतील.

विमा

गाडीबरोबर तिचा विमाही आपोआप आपला होतो, असा समज सार्वत्रिक आहे. तो अर्धाच खरा आहे. तिऱ्हाइताला झालेल्या इजेपुरता विमा गाडीबरोबर नव्या मालकाकडे जातो. पण आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई हवी असेल तर १४ दिवसांच्या आत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करून घेतली पाहिजे. तसेच दावा न केल्याबद्दल मिळणारी सूट ही गाडीची नसून माणसाची असते. ती विकणाऱ्याकडे राहते व तो आपल्या नव्या गाडीस ती लावू शकतो; घेणाऱ्याला फरकाची रक्कम भरावी लागते. हा फरक आधी विचारून ठेवावा, म्हणजे नंतर फसविल्याची भावना होत नाही.

पाणी प्यालेली मोटार

कागद निर्दोष ठरले म्हणजे मग पत्र्याकडे वळावे. सुरतेत जुनी मोटार पाहताना पहिला प्रश्न इंजिनाचा नाही, पाण्याचा आहे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला महापूर आला आणि शहराचा फार मोठा भाग बुडाला, ते दिवस येथील कोणीही विसरलेले नाही. त्या पुरातील गाड्या आता बहुधा मोडीत निघाल्या असतील. परंतु खाडीचे पूर संपलेले नाहीत. जुलै २०२४ मध्ये आणि पुन्हा जून २०२५ मध्ये शहराच्या सखल भागांत पाणी शिरले. मिठी खाडीच्या काठच्या लिंबायतकरांना हे सांगावयास नको. अशा पाण्यात उभी राहिलेली गाडी धुऊन, वाळवून, अत्तराची बाटली टांगून बाजारात येते.

ती ओळखण्याच्या खुणा आहेत. गाडी दारे-खिडक्या बंद ठेवून दहा मिनिटे उन्हात ठेवावी आणि मग दार उघडून वास घ्यावा. कुबट, गाळासारखा वास सुगंधाखालूनही डोके वर काढतो. पायाखालचा गालिचा उचलून खालचा पत्रा पाहावा. डिकीतील जादा चाक काढून त्याच्या खोबणीत बारीक गाळ आहे काय ते बोटाने तपासावे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. जो भाग नेहमी गुंडाळलेला असतो त्यावर पाण्याची रेषा उमटलेली दिसते. सीट ज्या पट्ट्यांवर सरकते त्यांचे स्क्रू गंजलेले, पुढच्या दिव्यांच्या काचेत आतून वाफ, डॅशबोर्डखालच्या तारांवर पांढुरकी बुरशी, ही सारी एकाच गोष्टीची साक्ष देतात. अशी गाडी आज चालेल, महिन्याने वायपर बंद पडेल, सहा महिन्यांनी काच खाली जाणार नाही आणि वर्षाने ती भर रस्त्यात उभी राहील. तारांत शिरलेला ओलावा वरून पुसून जात नाही. किंमत निम्मी केली तरी ती घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बाकीची परीक्षा

परीक्षा सकाळच्या उजेडात करावी, रात्री दिव्याखाली वा पावसात करू नये. ओल्या पत्र्यावर दोष दिसत नाहीत. सोबत मिस्त्री आपला असावा. दलालाने आणलेला मिस्त्री म्हणजे वराकडच्यांनीच आणलेला ज्योतिषी. येण्यापूर्वी गाडी सुरू करून ठेवू नका असे विकणाऱ्यास आधीच सांगावे, कारण गार इंजिनच खरे बोलते. सुरू केल्यावर निळसर धूर येत राहिला तर ऑइल जळत आहे असे समजावे. काळा धूर इंधन नीट जळत नसल्याचा. आणि गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर थांबत नसेल तर थंड करणारे पाणी इंजिनात शिरत असल्याचा संशय घ्यावा. ऑइलची पट्टी काढून पाहावी. ताकासारखे पांढरट ऑइल दिसले की बोलणे तेथेच थांबवावे.

पत्र्यावर साधे लोहचुंबक फिरवावे. जेथे रंगाखाली लांबी भरली आहे तेथे ते चिकटत नाही. दारांच्या फटी दोन्ही बाजूंस सारख्या आहेत काय, काचेच्या रबरावर रंगाचे शिंतोडे आहेत काय, बोनेटखालच्या बोल्टांवर पाना लागल्याच्या खुणा आहेत काय, यावरून अपघाताचा इतिहास वाचता येतो. किरकोळ ठोकर प्रत्येक गाडीला लागलेली असते. त्याचे भय नको. सांगाडा वाकून सरळ केलेला असेल तर मात्र ती गाडी सोडावी. चॅसिस क्रमांक स्वतः डोळ्यांनी वाचून आर. सी. शी ताडून पाहावा.

किलोमीटरच्या आकड्यावर भिस्त ठेवू नये. तो मागे नेता येतो. आकडा ४० हजारांचा आणि ब्रेकच्या पॅडलचे रबर झिजून गुळगुळीत, स्टिअरिंग चकाकते, चालकाची सीट खचलेली, असे दिसले तर आकडा खोटा व रबर खरे. कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमधील नोंदी विकणाऱ्याकडून मागाव्यात. प्रत्येक सर्व्हिसच्या वेळचा आकडा त्यांत असतो. टायरच्या बाजूवर चार अंक छापलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे. ३२२१ म्हणजे २०२१ सालचा ३२ वा आठवडा. २०२३ ची गाडी आणि २०१८ चे टायर, असे आढळले की प्रश्न विचारण्यास हरकत नाही.

सुरतेत सीएनजीवर चालणाऱ्या मोटारी फार आहेत, म्हणून त्यासंबंधी तीन गोष्टी. किट बाहेरून बसविले असेल तर त्याची नोंद आर. सी. वर असलीच पाहिजे. नसेल तर विम्याच्या वेळी अडचण येते. सिलिंडरची दाब-चाचणी दर तीन वर्षांनी करावयाची असते. तिचा दाखला व पट्टी यांवरील तारीख पाहावी. आणि गाडी गॅसवर व पेट्रोलवर दोन्ही तऱ्हांनी चालवून पाहावी, कारण वर्षानुवर्षे गॅसवरच चालविलेल्या गाडीचा पेट्रोलचा पंप कित्येकदा मान टाकतो.

किंमत आणि विसार

गाडीची किंमत म्हणजे विकणारा सांगतो तो आकडा नव्हे. समजा, मागणी ३,००,००० रुपयांची आहे. चार टायर १८,००० रुपयांचे, विम्याचा फरक ७,००० रुपये, बॅटरी ५,००० रुपये, नाव बदलण्याचा व येथील कराचा खर्च, शिवाय पहिल्या सहा महिन्यांत निघणाऱ्या दुरुस्तीसाठी किमतीच्या दहाव्या हिश्शाइतकी, म्हणजे ३०,००० रुपयांची तजवीज. कर व नाव बदलणे सोडूनच बेरीज ३,६०,००० रुपये झाली. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपले मांडावेत. पण बेरीज करून मगच घासाघीस करावी आणि ही बेरीज विकणाऱ्यासमोर मोकळेपणाने ठेवावी. बहुतेक सभ्य माणसे तिच्यापुढे थोडे नमते घेतात.

विसार, ज्याला येथे बानुं म्हणतात, तो देताना पावती घ्यावी. तीत गाडीचा क्रमांक, चॅसिस क्रमांक, ठरलेली पूर्ण किंमत, दिलेली रक्कम, कागद केव्हापर्यंत द्यायचे ती तारीख आणि कागद न मिळाल्यास विसार परत, एवढे शब्द असावेत. परिवहन खात्याच्या ‘वाहन’ नोंदीत गाडीचा क्रमांक घालून तिचे वय, विम्याची मुदत व बोजा घरबसल्या पाहता येतो. हे काम घरातील कॉलेजात जाणारी मुलगी पाच मिनिटांत करील. तिला सौद्याच्या वेळी जवळ बसवावे.

विकणाऱ्याने

विकणाऱ्याची जोखीम घेणाऱ्यापेक्षा कमी नाही, हे आतापर्यंत ध्यानी आलेच असेल. गाडीची किल्ली देताना तारीख आणि वेळ घातलेली ताबा-पावती दोन प्रतींत करावी, घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत जवळ ठेवावी आणि पूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्याची खात्री करावी. टोलनाक्याचा फास्टॅग आपल्या नावाचा असतो, तो बंद करावा. नाहीतर दुसऱ्याच्या प्रवासाचे पैसे आपल्या खात्यातून जात राहतील. नाव खरोखर बदलले की नाही हे महिन्याभराने स्वतः तपासावे. घेणाऱ्याच्या शब्दावर सोडू नये.

गाडी व्यापाऱ्यास विकावयाची असेल तर १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांचा उपयोग करून घ्यावा. जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्यास परिवहन खात्याकडून अधिकृत दाखला घ्यावा लागतो आणि आपण त्याच्या हवाली गाडी केल्याची खबर ऑनलाइन देता येते. तेथून पुढचा ग्राहक मिळेपर्यंत गाडीची जबाबदारी त्या व्यापाऱ्यावर राहते. त्याच्याकडे असा दाखला आहे काय, हा पहिला प्रश्न. भावाचा प्रश्न दुसरा.

निगा

गाडी घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑइल, त्याचा फिल्टर, हवेचा फिल्टर व ब्रेकचे तेल बदलून घ्यावे. मागच्या मालकाने केव्हा बदलले याची चौकशी करण्यापेक्षा आपली तारीख आपण सुरू केलेली बरी. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते, म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलणे इष्ट. टायमिंग बेल्ट असलेल्या गाडीत तो मुदतीत बदललाच पाहिजे; तुटल्यास इंजिन उघडण्याची पाळी येते. रेडिएटरमध्ये नळाचे पाणी ओतू नये, कूलंटच घालावे. डुमस-हजीराच्या बाजूस राहणाऱ्यांनी खाऱ्या वाऱ्यापासून सावध राहावे. आठवड्यातून एकदा गाडीची खालची बाजू साध्या पाण्याने धुवावी आणि दारांच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी जी भोके असतात ती मोकळी ठेवावीत. गंजाची सुरुवात तेथूनच होते.

गावी निघण्यापूर्वी ब्रेक तपासून घ्यावेत. धुळ्याच्या वाटेवर कोंडाईबारीचा घाट लागतो. चढताना इंजिन तापते, उतरताना ब्रेक तापतात. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच्याच आसपासच्या गिअरमध्ये तो उतरावा; सतत ब्रेक दाबून ठेवू नये आणि पेट्रोल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये मुळीच सोडू नये.

पावसाळ्यात गाडीत पाणी शिरले तर एकच नियम : गाडी सुरू करू नका. सुरू करण्याच्या एका प्रयत्नाने इंजिनात पाणी ओढले जाते व आतले दांडे वाकतात. आणि असे नुकसान साध्या पॉलिसीत बहुधा भरून मिळत नाही, त्यासाठी इंजिन-संरक्षणाची जोड निराळी घ्यावी लागते. बॅटरीची तार काढावी, छायाचित्रे काढून ठेवावीत, विमा कंपनीस कळवावे आणि गाडी ओढून गॅरेजात न्यावी. खाडीच्या काठी राहणाऱ्यांनी ही जोड अवश्य घ्यावी.

एवढे सारे वाचून कोणी म्हणेल की, जुनी मोटार घेणे म्हणजे मोठेच संकट दिसते. तसे मुळीच नाही. चांगली राखलेली, कागद स्वच्छ असलेली सात वर्षांची मोटार आणखी सात-आठ वर्षे इमानाने सेवा देते, आणि वाचलेल्या पैशांत मुलांची फी भरून होते. प्रश्न फक्त क्रमाचा आहे. ज्यांच्या घरी मामांची, काकांची वा मेहुण्यांची गाडी जुन्याच नावावर उभी असेल त्यांनी या रविवारी एवढे करावे : आर. सी. काढून त्यावरचे नाव, बँकेचा बोजा आणि विम्याची तारीख मोठ्याने वाचावी. नाव दुसऱ्याचे निघाले तर त्यांना लगेच फोन लावावा आणि सांगावे, “मामा, तुमच्याच काळजीने सांगतो, या आठवड्यात कागद करून टाकू.” शहाणे मामा यात रागावणार नाहीत.